फुटपाथ महापालिकेचा, गाडी पोलिसांची

"तिथं नो पार्किंगचा बोर्ड कुठंय?" हा प्रश्न मला दुकानदारांनी विचारला, गाडीवाल्यांनी विचारला, वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाने विचारला आणि सुरुवातीला तर वाहतूक शाखेतल्या हवालदारानेही विचारला. फुटपाथवर गाडी लावायला मनाई आहे हे सांगायला बोर्ड लागत नाही. तो फुटपाथ आहे एवढंच पुरतं. ही साधी गोष्ट सरकारी कागदावर मान्य करून घेण्यात आमच्या घराची बरीच शक्ती खर्ची पडली. आणखी कुणाला या वाटेने जायचं असेल तर त्याचा वेळ वाचावा, म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

आम्ही मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी राहतो. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कुठल्या एका ऑफिसला दोष द्यायचा नाही. आठही जिल्ह्यांत थोड्याफार फरकाने हेच आहे. दिवाळीच्या तोंडावर गुलमंडीत, गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत पिशव्या घेऊन चाललेल्या कुणालाही वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

माझे सासरे एस.टी.त चालक होते. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून इथंही मामाच लिहिते. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची नजर गेली. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही. पण पायांत बळ आहे आणि माणूस घरात बसणारा नाही. पांढरी काठी घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत जायचं, पारावर जुन्या डेपोतल्या मंडळींशी बोलायचं, येताना औषधाच्या दुकानातून आपले डोळ्यांचे थेंब स्वतः घ्यायचे, हा त्यांचा दिवसाचा नेम. या रस्त्याला फुटपाथ आहे, त्यावर पिवळ्या उठावाच्या फरश्यासुद्धा बसवलेल्या आहेत. लांब रेघांची फरशी म्हणजे सरळ चला, गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. मामांनी ते तळपायाने ओळखायला शिकून घेतलं.

आणि त्या फरश्यांवर गाड्या उभ्या.

डोळस माणसाला इथली एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही, मलाही मामांसोबत चालल्यावरच कळली. पांढरी काठी जमिनीलगत फिरते. भिंत असेल, पायरी असेल, झाडाचा कठडा असेल तर काठी आपटते आणि माणूस थांबतो. हल्लीच्या उंच गाड्यांचा बंपर मात्र जमिनीपासून बराच वर असतो. दोन चाकांच्या मधोमध काठी गेली की ती सरळ गाडीखाली शिरते, कशालाच लागत नाही, म्हणजे मामांच्या दृष्टीने रस्ता मोकळा. पुढच्या पावलाला नडगी आपटते. आडव्या लावलेल्या गाडीचा आरसा तर छातीच्या उंचीवर असतो, तो काठीला कळण्याचा प्रश्नच नाही. मामांच्या दोन्ही नडग्यांवर काळेनिळे डाग असायचे. विचारलं तर म्हणायचे, "लागायलंच जरासं."

मग ते रस्त्यावर उतरून चालू लागले. आमच्या रस्त्याने हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात, तो काळ तर आम्ही जीव मुठीत धरून काढायचो. ट्रॅक्टरपासून ते वाचले, पण एका रिक्षाच्या आरशाचा फटका बसला, पडले आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आलो त्या रात्री मी आणि नवऱ्याने ठरवलं की आता लेखी तक्रार करायची. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर ३२,८२५ पादचारी मेले, ही केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी मी नंतर वाचली. वाचताना मामांचं ते प्लास्टर डोळ्यांसमोर होतं.

पहिला धडा लगेच मिळाला. वाहतूक शाखेत सांगितलं, फुटपाथ महापालिकेचा आहे, तिकडं जा. महापालिकेत सांगितलं, फुटपाथ आमचाच, पण गाडी उचलायचा अधिकार पोलिसांचा, तिकडं जा. राग येऊनही एक गोष्ट कबूल केली पाहिजे, दोघंही खोटं बोलत नव्हते. फुटपाथ बांधणं, दुरुस्त ठेवणं, त्यावरचं अतिक्रमण हटवणं महापालिकेकडं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ प्रमाणे मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी टोइंग करून न्यायला किंवा चाकाला जॅमर लावायला परवानगी देणार तो गणवेशातला पोलीस अधिकारी. टोइंगचा खर्च मालकाने द्यायचा, दंड त्याशिवाय वेगळा. म्हणजे आमच्या तक्रारीचा अर्धा भाग एका इमारतीत, अर्धा दुसऱ्या. दोघांना एका कागदावर आणल्याशिवाय काही हलणार नाही हे तेव्हाच कळलं. पुढं जे काही झालं ते त्या एका कागदासाठीच.

कायदा वाचायला बसले. मी शाळेत शिकवते, वकील नाही, पण जेवढं वाचलं ते सरळ मराठीत असं. कलम १२२ म्हणतं की इतरांना धोका, अडथळा किंवा अकारण गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी गाडी सोडायची नाही. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत फुटपाथवर गाडी उभी करू नये असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या वाहन चालवण्याच्या विनियमांतही ती मनाई कायम आहे. बोर्डाचं उत्तर हेच. एखाद्या एरवी मोकळ्या रस्त्यावर पार्किंग बंद करायचं तर अधिसूचना काढावी लागते, बोर्ड लावावा लागतो. फुटपाथला तो नियम लागू नाही. तिथं मनाई मुळातच आहे, सगळ्या देशात.

दंडाचं सांगायचं तर कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा केलं तर १,५०० रुपयांपर्यंत. २०१९ च्या दुरुस्तीआधी हेच आकडे १०० आणि ३०० होते. महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. त्याच दुरुस्तीत आलेलं कलम १७७ अ वाहन चालवण्याच्या विनियमांचा भंग करणाऱ्यासाठी आहे, त्यात कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त १,००० रुपये. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ आहे, सार्वजनिक वाटेत अडथळा किंवा धोका निर्माण केल्याबद्दल ५,००० रुपयांपर्यंत दंड. जुन्या दंड संहितेत त्याच गुन्ह्याला २०० रुपये होते. हा शेवटचा दंड जागेवर चलान फाडून वसूल होत नाही, तो कोर्टाचा विषय.

माझा भाचा कामासाठी ग्लासगोला असतो. त्याने सांगितलं की स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०२३ पासून फुटपाथवर गाडी लावली की १०० पौंड दंड आहे, चौदा दिवसांत भरला तर निम्मा. इंग्लंडमध्ये मात्र लंडनमध्ये १९७४ पासून बंदी आणि लंडनबाहेर अशी सरसकट बंदी नाही. ऐकून मला आश्चर्य वाटलं. कागदावर आपला नियम इंग्लंडपेक्षा कडक आहे आणि १९८९ पासूनचा आहे. तो आहे हे आपल्याकडं कुणी मोठ्याने बोलत नाही, एवढंच.

फोटोंचं काम नवऱ्याने केलं. याबद्दल थोडं तपशिलाने सांगते, कारण इथंच बऱ्याच तक्रारी बाद होतात. नुसता नंबर प्लेटचा फोटो असेल तर गाडी कुठं उभी आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. एका फोटोत नंबर प्लेट, फुटपाथच्या काठाचा दगड आणि मागच्या दुकानाची पाटी, तिन्ही आली पाहिजेत. तारीख आणि वेळ फोटोवरच उमटेल अशी सोय मोबाईलमध्ये असते, ती चालू करायची. माणसांचे चेहरे येऊ द्यायचे नाहीत आणि फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत. आमचं कुणाशी भांडण नव्हतं, पण ग्रुपवर एक फोटो गेला की ते भांडणच होतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपमध्ये नागरिकाला नियमभंग कळवायची सोय आहे, तिथं काही फोटो टाकले. पण रोज एक गाडी कळवायची आणि रोज तिच्या जागी दुसरी यायची, असं किती दिवस चालणार?

म्हणून लोकशाही दिनाचा मार्ग धरला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी एकाच सभागृहात बसलेले असतात, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं. अर्ज ठराविक नमुन्यात, दोन प्रतींत, पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. मी अर्ज लिहिला, खाली "समस्त रहिवासी" म्हणून कॉलनीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. खिडकीवरच्या बाईंनी वाचून परत दिला. "ताई, लोकशाही दिनात वैयक्तिक तक्रार लागते. सामूहिक निवेदन चालत नाही." बाईंचं बरोबर होतं, तसा नियमच आहे. घरी येऊन मामांना सांगितलं तर म्हणाले, "मग माझ्या नावानं लिही की पोरी. पडलोय मी."

त्याने अर्जाचा सूरच बदलला. आधीच्या अर्जात "नागरिकांची गैरसोय होत आहे" असली वाक्यं होती. नव्या अर्जात लिहिलं की मी अंध आहे, घर ते मारुती मंदिर या वाटेवर फुटपाथ असून मला त्यावरून चालता येत नाही, अमुक तारखेला रस्त्यावर उतरावं लागलं आणि मनगटाचं हाड मोडलं. दवाखान्याचे कागद, दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत, फोटो, आधीच्या दोन्ही तक्रारींच्या पोच जोडल्या. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी, न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने, फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं, आणि फुटपाथ दिव्यांगांना वापरता येतील असे हवेत हेही सांगितलं. त्या आदेशाची प्रतही लावली. मामांनी अर्जावर अंगठा द्यायला नकार दिला. माझं बोट धरून रेघ कुठं आहे ते विचारलं आणि सही केली.

सोबत माहिती अधिकाराचा एक अर्ज महापालिकेत टाकला. जोडपत्र अ हा त्याचा नमुना, वर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत, त्यामुळे नेमकं मागावं लागतं. मी आमच्या रस्त्याच्या फुटपाथची मंजूर रुंदी विचारली. शेजारच्या व्यापारी संकुलाच्या मंजूर नकाशाची प्रत दुसऱ्या अर्जात मागितली, कारण विषय वेगळा. तीस दिवसांची मुदत असते. रुंदीचं उत्तर मुदतीत आलं. नकाशाचं आलं नाही. वीस रुपयांचं स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं, तेव्हा तो नकाशा मिळाला. त्यात तळघर पार्किंगसाठी दाखवलेलं होतं. प्रत्यक्षात तिथं कपड्यांच्या गठ्ठ्यांचं गोडाऊन होतं.

लोकशाही दिनाला मामांना घेऊन गेलो. आमचा नंबर आल्यावर मी बोलायला उठले तर मामांनी मला खाली बसवलं. म्हणाले, "साहेब, सारी नोकरी स्टेअरिंगवर गेली. एस.टी.चं चाक कधी फुटपाथवर चढू दिलं नाही. आता मला चालायचंय तर तिथं गाड्या उभ्या हायेत. मी कुठून चालू ते सांगा, तिथून चालतो." सभागृहात कुणी काही बोललं नाही. वाहतूक शाखेच्या अधिकाऱ्यांनी बोर्डाचा मुद्दा काढला तेव्हा मी विनियमाची प्रत पुढं केली. त्यांनी ती नीट वाचली आणि "बरोबर आहे" म्हणाले. त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे, चारचौघांत बरोबर आहे म्हणणारे अधिकारी कमी असतात. दोन्ही खात्यांनी संयुक्त स्थळपाहणी करून अहवाल द्यावा, असा आदेश झाला. तोच आमचा एक कागद.

स्थळपाहणीला महापालिकेचे अभियंता टेप घेऊन आले. कागदावर फुटपाथ दोन मीटर. दुकानांच्या पायऱ्या, विजेची डीपी आणि झाडाचा कठडा वजा केल्यावर चालायला मोकळी जागा कुठं दीड मीटर, कुठं त्याहून कमी. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत किमान १.८ मीटर मोकळी वाट सांगितलेली आहे आणि काठ १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा असं म्हटलं आहे. काठ आमच्याकडं नियमात होता, पण बऱ्याच दुकानांसमोर मलबा आणि सिमेंट ओतून गाडी चढवायला उतार केलेले होते. अभियंत्यांनी एका ठिकाणी बसून पेव्हर ब्लॉक हाताने हलवून दाखवला. खालची वाळू सरकलेली, ब्लॉक दातासारखा डुगडुगत होता. ते म्हणाले, "हे माणसाच्या वजनाला केलेलं असतंय. दीड टनाची गाडी रोज चढली की दबणारच. मग पावसाचं पाणी आत जातंय आन् सगळाच पट्टा बसतोय." खचलेल्या फुटपाथबद्दल लोक कंत्राटदाराला शिव्या देतात, कधी कधी त्या योग्यही असतात. आमच्या रस्त्यावर मात्र गाड्यांची चाकं नेमकी जिथून चढायची तिथंच फुटपाथ खचला होता.

त्यानंतर कारवाई सुरू झाली. चलान झाले, जॅमर लागले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की जॅमर हा फुटपाथसाठी निकामी उपाय आहे. जॅमर लावला की मालक येईपर्यंत गाडी तिथंच, म्हणजे मामांची वाट आणखी तास-दोन तास बंद. फुटपाथवरची गाडी उचलूनच न्यायला हवी, आणि चारचाकी उचलायचं वाहन आमच्या शहरात सहजासहजी मिळत नाही. चलानचं म्हणाल तर एका मोठ्या गाडीवाल्याने माझ्यासमोर "पाचशेच ना, घ्या" म्हणून मोबाईल पुढं केला. त्याच्या दृष्टीने ते पार्किंगचं भाडं होतं. दंडाचा धाक त्याच माणसाला दुसऱ्यांदा १,५०० लागल्यावर दिसला, आणि तो लागावा यासाठी सातत्याने चलान व्हावे लागतात. एक दिवस मोहीम काढून उपयोग होत नाही.

या काळात गल्लीतलं वातावरण बिघडलं. औषधाच्या दुकानाच्या मालकांशी आमचे चांगले संबंध, तेही एकदा चिडून म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक चारचाकीतून यायलंय. लांब लाव म्हणलं की दुसऱ्या दुकानात जायलंय. आम्ही काय करावं?" त्यांचं म्हणणं मला पटत होतं. पार्किंगची सोय करणं ही दुकानदाराचीच नव्हे, शहराचीही जबाबदारी आहे. पण दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "एवढ्या उन्हात म्हाताऱ्या माणसानं हिंडायचंच कशाला? बसवा की घरात." हे वाक्य मी विसरलेले नाही. गाडीला जागा हवी म्हणून माणसाने घरात बसायचं, हे इतक्या सहज बोललं जातं. मामा तिथंच उभे होते. ते काही बोलले नाहीत, मी बोलले, आणि जोरात बोलले.

शेवटी तोडगा निघाला तो तीन गोष्टींचा मिळून. व्यापारी संकुलाला नोटीस गेली आणि तळघराचा निम्मा भाग गाड्यांसाठी मोकळा झाला, निम्म्यात अजून गठ्ठे आहेत. बाजूच्या रस्त्यावर सम-विषम तारखांचं पार्किंग सुरू झालं, पी-वन पी-टूचे बोर्ड लागले. आणि फुटपाथच्या काठावर लोखंडी खांब रोवले. खांबांमधलं अंतर ठरवताना मी अभियंत्यांना विनंती केली की व्हीलचेअर सहज जाईल एवढी फट ठेवा. काही ठिकाणी फुटपाथ वाचवायला असे खांब ठोकतात की गाडीसोबत व्हीलचेअरही बाहेर राहते. त्यांनी आमच्या शेजारच्या काकूंची व्हीलचेअर मागवली, ती ढकलून बघितली आणि मगच खड्ड्यांच्या खुणा केल्या. खांबांवर चमकणारी पट्टीही लावून घेतली, ज्यांना थोडंफार दिसतं त्यांच्यासाठी.

आमच्या बाजूच्या फुटपाथवर आता चारचाकी चढत नाही. मामा सकाळी एकटे देवळापर्यंत जाऊन येतात. औषधाच्या दुकानाचे मालक त्यांना दुरून हाक मारतात, आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं आहे.

दुचाक्या मात्र खांबांच्या फटीतून आत येतात आणि पिवळ्या फरश्यांवरच स्टँडवर लागतात. दुचाकीला नियम तोच आहे आणि दंडही तोच. त्या फरश्यांचा एक पट्टा थेट डीपीच्या पेटीवर जाऊन आपटतो, तोही वळवून घ्यायचा आहे. दोन्ही गोष्टींचा अर्ज पुन्हा मामांच्या नावाने लिहिला आहे, फोटो जोडले आहेत, पहिल्या आदेशाची प्रतही. या वेळी एकाच अर्जाची एक प्रत वाहतूक शाखेला आणि एक महापालिकेला दिली, आणि दोन्ही पोचांवर दुसऱ्या खात्याचा आवक क्रमांक लिहून घेतला. तिकडं जा असं सांगायची सोय आता कुणालाच राहिलेली नाही. सुनावणी पुढच्या सोमवारी आहे.